फेऱ्यांचा हिशोब कोणाच्या हाती?

(खेड येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज मी आपणांस कोणा राजाची किंवा साधूची कथा सांगण्यास उभा नाही. एका लहानशा डबीची हकीकत सांगणार आहे. ही डबी मुठीत मावते. तिला एक काचेची खिडकी असते आणि त्या खिडकीत चारपाच आकडे दिसतात. यंत्राचा कणा एकदा फिरला की आकडा एकाने पुढे जातो. गिरणीत, कारखान्यात, मोटारीत तिला काउंटर म्हणतात. घरात भिंतीवर बसली की मीटर म्हणतात. तिचे काम एकच. यंत्राचे फेरे मोजावयाचे आणि ते विसरावयाचे नाहीत.

आपण म्हणाल, एवढ्याशा डबीसाठी सभा कशाला? तर त्याचे उत्तर असे की, आपल्या वर्गाची जी लूट पिढ्यान् पिढ्या झाली, ती तलवारीने थोडी आणि मोजणीने फार झाली. ज्याच्या हाती माप, त्याच्या घरी धान्य. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या पेटीत पैसा. तेव्हा मोजणारी वस्तू कोणती, ती कशी चालते आणि तिची किल्ली कोणाच्या कनवटीस आहे, हे समजून घेणे हे आपल्या पोटाचे काम आहे.

आपला रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा मुलूख. पीक उभे असतानाच खोत किंवा त्याचा माणूस बांधावर येई आणि नजरेने ठरवी की ह्या खाचरात इतके भात निघेल. त्यास अभावणी म्हणत. भात प्रत्यक्ष किती निघाले हे नंतरचे. खोताचा वाटा त्या नजरेच्या आकड्यावर. अर्धेलीच्या जमिनीत निम्मे पीक त्याचे. पाऊस उलटला, रोग पडला, रानडुकरांनी शेत तुडविले, तरी कुळाने कोणास दाखवावयाचे? कुळाजवळ कागद नाही, आकडा नाही, साक्षीदार नाही. खोताच्या वहीत जे लिहिले तेच खरे. १८८० च्या कायद्याने ह्या पद्धतीस सरकारी शिक्का मिळाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, कुळांनी मोर्चे काढले, आणि अखेर १९४९ साली खोती कायद्याने गेली. म्हणजे आपल्या आज्यापणज्यांचा झगडा जमिनीचा होता, तसाच तो मोजणीचाही होता.

आता त्याच खळ्यावरची दुसरी गोष्ट पाहा. भात मोजताना आपण पहिल्या मापास 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन असे मोजत जातो. वीस मण झाले की एक खंडी, आणि खंडी भरली की मोजणारा एक खडा बाजूस ठेवतो. का ठेवतो? माणसाचे तोंड चुकते, डोके चुकते, पण बाजूस पडलेला खडा चुकत नाही. शेवटी खडे मोजले की खंड्या कळल्या. हा खडा आपण लक्षात ठेवा. कारण काउंटर म्हणजे दुसरे काही नसून हा खडा आपोआप बाजूस ठेवणारे यंत्र आहे.

ते कसे, ते सांगतो. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत यंत्राच्या फिरत्या कण्यास मळसूत्राचे आटे पाडलेला लहान दांडा जोडतात. त्या आट्यांत एक दात्यांचे चाक अडकविलेले असते. दांडा एक फेरा फिरला की चाक एकच दाता सरकते. चाकास १०० दाते असतील, तर दांड्याचे १०० फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा पुरा होतो. चाकावर काटा बसविला की घड्याळासारखी तबकडी तयार झाली. शंभराचा एक खडा!

दुसऱ्या तऱ्हेत ० ते ९ असे आकडे कडेवर कोरलेली चाके एका ओळीत असतात. उजवीकडचे पहिले चाक यंत्राबरोबर एकेक घर सरकते. ते ९ वरून ० वर येते तेव्हा त्याच्या बाजूचा दाता मधल्या एका चिमुकल्या चाकास ढकलतो, आणि ते चाक शेजारच्या दहमाच्या चाकास एक घर पुढे लोटते. दहमाचे चाक ९ वरून ० वर आले की शतमाचे एक घर सरकते. शाळेत पोरांना 'हातचा एक' शिकवितात ना? तोच हातचा येथे पितळेच्या दात्याने घेतलेला आहे. अशी पाच चाके असली तर ९९,९९९ पर्यंत मोजणी जाते आणि पुढच्या फेऱ्यास पाचही शून्ये उभी राहतात. अमेरिकेत कर्टिस वीडर नावाच्या इसमाने १८९५ च्या सुमारास सायकलीच्या चाकाचे फेरे मोजणारे असे यंत्र बाजारात आणले, आणि तेथून ही आकड्यांची चाके जगभर पसरली. ह्यात जादू नाही, मंत्र नाही. सुतार, लोहार, तांबट ह्यांच्या हातास कळेल असेच हे काम आहे.

ही डबी पूर्वी कशासाठी वापरली गेली, हेही ऐकण्यासारखे आहे. विलायतेत जेम्स वॉट ह्याने वाफेचे सुधारलेले यंत्र काढले. १७७५ साली त्याने बोल्टन नावाच्या कारखानदाराशी भागी केली, आणि दोघे मिळून कॉर्नवॉलच्या खाणींत पाणी उपसण्यास ही यंत्रे देऊ लागले. मोबदला असा ठरला की, जुन्या यंत्राच्या मानाने कोळशाची जी बचत होईल, तिचा तिसरा हिस्सा बोल्टन-वॉट ह्यांस मिळावा. पण बचत किती झाली हे ठरवावयाचे कसे? यंत्र किती वेळ चालले, किती वेळा खालीवर झाले, हे खाणमालक सांगेल तेच धरावयाचे काय? वॉट हा जात्या कारागीर. त्याने यंत्राच्या तुळईवर एक मोजणारी पेटी बसविली. तुळई हलली की आत एक दाता सरकावयाचा. पेटीस कुलूप घातले, म्हणजे मध्येच कोणी हात घालावयास नको. पैशाचा हिशोब त्या आकड्यावर.

मंडळी, ह्या गोष्टीतले मर्म पाहा. धनाढ्य खाणमालक एका बाजूस, यंत्र देणारा दुसऱ्या बाजूस. दोघेही शिकलेले, दोघांजवळ वकील. तरीसुद्धा त्यांस एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवता येईना! त्यांस कुलूपबंद साक्षीदार लागला. मग ज्या कुळाजवळ ना वकील ना वही, त्याने मात्र खोताच्या शब्दावर, मुकादमाच्या शब्दावर, कारकुनाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, हा कोठला न्याय?

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. कोकणच्या जमिनीत पोट भरेना, तेव्हा ह्या जिल्ह्यातील माणसे बोटीने मुंबईस गेली आणि गिरण्यांत शिरली. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. खेड, दापोली, चिपळूण, मंडणगड ह्या भागांत ज्याच्या घरचा कोणी गिरणीत नव्हता असे घर विरळा. ह्या माणसांस काउंटरची ओळख शाळेत झाली नाही. ती मशिनीपुढे उभे राहून झाली.

सूत कातण्याच्या खात्यात, ज्यास गिरणीची माणसे त्रासन खाते म्हणत, साच्याच्या पुढच्या रुळाचे फेरे मोजत. सुताचे विलायती माप हँक. एक हँक म्हणजे ८४० यार्ड सूत. रूळ एक इंच जाडीचा असेल तर त्याच्या एका फेऱ्यात सव्वातीन इंचांहून थोडे कमी सूत बाहेर पडते. म्हणजे एक हँक भरण्यास सुमारे ९,६२६ फेरे लागतात. काउंटरच्या आत दात्यांची चाके अशी बसविलेली की तेवढे फेरे झाले म्हणजे खिडकीत 'एक' दिसावा.

रीळ खात्यात बहुधा बाया कामास असत आणि त्यांजवर नायकीण असे. तेथील रहाटाचा घेर दीड यार्डाचा. ८० फेरे झाले की १२० यार्डांचा एक पदर. असे ७ पदर म्हणजे एक लड, तेच ८४० यार्ड. ८० गुणिले ७, म्हणजे ५६० फेऱ्यांची एक लड. हे ८० फेरे मळसूत्राचे चाक मोजत असे, बाईने मोजावयाचे नसत.

माझी आत्या अशाच एका गिरणीत रीळ खात्यात होती. गिरणीचे नाव घेत नाही. ती गिरणीही आता उभी नाही. आत्यास अक्षरओळख नव्हती. एकदा रीळ भरले की ४० लडी उतरत, हे तिला ठाऊक होते. महिनाअखेर हाती पडणारा पगार तिच्या अदमासापेक्षा दरवेळी कमी भरे. कारकुनास विचारले तर तो म्हणे, "बाई, तुला मोजता येते काय?" तेव्हा तिने एक युक्ती केली. रीळ उतरले की कनवटीस ठेवलेल्या सुताच्या तुकड्यास एक गाठ मारावयाची. दिवसाच्या गाठी वेगळ्या, आठवड्याचा तुकडा वेगळा. पगाराच्या दिवशी तिने तो गाठींचा जुडगा कारकुनाच्या मेजावर ठेवला. कारकून हसला. नायकीणही हसली. त्या महिन्याचे पैसे तिला मिळाले नाहीत; हे मी खरे आहे तसे सांगतो. परंतु पुढच्या महिन्यापासून तो कारकून रोजचा आकडा तिच्यासमोर मोठ्याने वाचून लिहू लागला, आणि तिच्या शेजारच्या दोन बायांनी कनवटीस सूत ठेवण्यास सुरुवात केली. मोजणारा एकटा असतो तोवर तो मालक असतो. दुसरा मोजणारा उभा राहिला की तो नोकर होतो.

विणकामाची गोष्ट याहून बिकट. मागाचा कणा एकदा फिरला की धोटा एकदा ह्या बाजूकडून त्या बाजूस जातो आणि आडवा धागा एक पडतो. त्यास पीक म्हणतात. पीक मोजणारे काउंटर मागावर बसवितात. समजा, कापडात इंचास ४४ पिके घालावयाची आहेत. यार्डात ३६ इंच, म्हणून एका यार्डास १,५८४ पिके झाली. आता मजुरी जर नुसत्या यार्डावर ठरली असेल, आणि मालकाने गुपचूप चाक बदलून इंचास ४८ पिके केली, तर यार्डास १,७२८ पिके पडू लागली. यार्डामागे १४४ जास्त. ४० यार्ड विणले की ५,७६० वेळा धोटा फुकट फेकला गेला! कापड तेवढेच दिसते, मजुरी तेवढीच मिळते. विणकरास एवढेच कळते की आज दिवस लांबला. पीक मोजणारी डबी मागावर असेल आणि ती विणकरास वाचता येत असेल, तरच ही चोरी पकडली जाते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि त्या गावी पुढे मजुरीची बोलणी पिकाच्या दरावर होऊ लागली, ती ह्यामुळेच. पीक हे श्रमाचे माप आहे. यार्ड वा मीटर हे मालाचे माप आहे. ह्या दोहोंतला फरक ज्यास कळला, त्यास निम्मे अर्थशास्त्र कळले असे मी समजतो.

पण बंधूंनो, डबीची नुसती स्तुती करण्यास मी आलो नाही. ती फेरे मोजते. माणसाचे हाल मोजत नाही. कापूस हलका आला, धागा घडोघडी तुटू लागला, तर साचा थांबतो आणि डबीही थांबते. तुटका धागा जोडण्यात गेलेला वेळ डबीस दिसत नाही. तो वेळ कामगाराच्या अंगावर. तसेच डबी आली म्हणजे मालकास 'अमक्याचे फेरे जास्त, तमक्याचे कमी' असे म्हणता येते, आणि दोन मागांच्या जागी तीन माग सांभाळ असा हुकूम देता येतो. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरण्यांचा जो मोठा संप झाला, त्यात हा वाढत्या बोज्याचा प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट आपल्याच लोकांविषयी सांगितली पाहिजे. ती लपवली तर मी खोटा ठरेन. माग खात्यात मजुरी चांगली मिळे. परंतु धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या बंधूंस त्या खात्यात शिरकाव नसे. शिरू न देणारे मालक होतेच. पण शेजारच्या मागावरचे आपले मराठा, कुणबी आणि इतर जातींचे विणकरही होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. काउंटरला जात कळत नाही; कोणीही माग चालविला तरी तो एकास एकच म्हणतो. ती अक्कल पितळेच्या चाकास आहे आणि आपणांस नव्हती, ही शरमेची गोष्ट आहे. जो दुसऱ्यास मोजणीबाहेर ठेवतो, त्यास स्वतःच्या मोजणीसाठी ओरडण्याचा अधिकार कितीसा उरतो?

मोजणीचा हा झगडा आपल्या चळवळीस नवा नाही. 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढले आणि पुढे १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे पाठविला. त्या अर्जातील मागण्या पाहा. आठवड्यास एक दिवस सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. ह्या बहुतेक मागण्या म्हणजे आकडेच आहेत की नाहीत? 'आम्हांवर दया करा' असे त्यांत नाही. 'आमचा वेळ मोजा आणि मोजला तसा पाळा' असे आहे. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली ती ह्या चिकाटीने. पुढे १९३६ साली पगारवाटपाचा कायदा झाला आणि दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा अशी ठरली. त्यापूर्वी बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापीत.

असो. गिरण्यांचा तो जमाना गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो माणसे गावी परतली आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. तेव्हा आपण विचाराल, ही डबी आता आमच्या काय कामाची? तर ऐका. ती डबी तुमच्या मागोमाग गावी आली आहे.

पहिली डबी भिंतीवरची. विजेच्या जुन्या मीटरात ॲल्युमिनियमची एक तबकडी फिरत असे. वीज जास्त खर्च झाली की ती जोरात फिरे. तिच्या फेऱ्यांवरून आकड्यांची चाके सरकत. मीटरच्या पाटीवर लिहिलेले असे की, इतके फेरे म्हणजे एक युनिट. समजा, पाटीवर ६०० फेरे लिहिले आहेत. १०० वॅटचा जुना दिवा १० तासांत एक युनिट खातो. म्हणजे १० तासांत ६०० फेरे, तासास ६०, मिनिटास बरोबर एक. घरातील बाकी सर्व बंद करून एवढा एक दिवा लावावा, घड्याळ हाती घ्यावे आणि तबकडीवरचा काळा ठिपका मिनिटाने पुन्हा समोर येतो की नाही ते पाहावे, बस्स!

हल्ली बहुतेक ठिकाणी तबकडी जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले. त्यात फिरणारे काही नाही. लाल दिवा लुकलुकतो. परंतु हिशोब तोच. पाटीवर ३,२०० असे लिहिलेले असेल, तर ३,२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. १०० वॅटच्या दिव्यावर तासास ३२० लुकलुकी, म्हणजे सव्वाअकरा सेकंदांस एक. दहा लुकलुकी मोजाव्या. त्यांस सुमारे ११२ सेकंद लागले पाहिजेत. फक्त एक सावधगिरी ठेवा. गावात विजेचा दाब कमी असेल तर दिवा पुरते १०० वॅट खात नाही, आणि मीटर थोडे हळू चालल्यासारखे दिसते. म्हणून थोड्या फरकावरून भांडू नये. पण लुकलुकी दुप्पट पडत असतील, तर मीटर तपासून मागण्याचा लेखी अर्ज बेधडक द्यावा.

बिलाचे कागदही वाचावे. चालू रीडिंगातून मागील रीडिंग वजा केले की युनिट निघतात. एवढी वजाबाकी चौथीच्या पोरीस येते. आणि ज्या महिन्यात मीटर न वाचताच 'सरासरी' म्हणून आकडा टाकलेला असेल, त्या महिन्यात आपल्या आजोबांची आठवण करा. बांधावर उभे राहून नजरेने पीक ठरविणे आणि कचेरीत बसून सरासरीने युनिट ठरविणे, ह्यांत फरक कितीसा? पण अभावणीच्या काळी कुळाजवळ आकडा नव्हता. आज भिंतीवर आकडा आहे. तो महिन्याच्या एका ठरावीक तारखेस वहीत उतरवून ठेवला, तर सरासरीची चूक पुढल्या महिन्यास दाखविता येते.

दुसरी डबी ट्रॅक्टरावरची. नांगरणीचे भाडे आपण तासावर देतो. तास कोणाचा? पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरावरचे तास दाखविणारे मीटर बघून पैसे ठरतात. जुन्या घडणीच्या ट्रॅक्टरांत हे मीटर खरोखर तास मोजीत नाही, एंजिनाचे फेरे मोजते! एंजिन ठरलेल्या वेगाने, समजा मिनिटास १,५०० फेऱ्यांनी, चालले तर तासात ९०,००० फेरे होतात. म्हणून मीटर ९०,००० फेऱ्यांस 'एक तास' म्हणते. एंजिन निम्म्या वेगाने नुसते घुरघुरत उभे असेल, तर ह्या मीटरचा एक तास होण्यास घड्याळाचे दोन तास लागतात. उलट एंजिन मिनिटास २,००० फेऱ्यांनी पळविले, तर घड्याळाच्या एका तासात मीटर एक तास वीस मिनिटे दाखविते. ह्यात लबाडी कोणाची नाही. यंत्राची घडणच तशी. परंतु ज्यास हे ठाऊक नाही तो भांडतो तरी किंवा लुबाडला तरी जातो. म्हणून भाडे ठरवितानाच बोलून घ्यावे की, तास हातच्या घड्याळाचा की मीटरचा. मालक आणि शेतकरी दोघेही गावचेच. आधी बोलले तर नंतर तोंड फिरवावे लागत नाही.

तिसरी डबी गाडीतली. ती चाकाचे फेरे मोजते आणि किलोमीटर दाखविते. साध्या मोठ्या सायकलीचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते; म्हणजे किलोमीटरास सुमारे ४५५ फेरे. जुनी गाडी विकत घेताना आपण तो आकडा पाहून भुलतो. लक्षात ठेवा, पाच आकड्यांचे मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येते, आणि आकडा मागे फिरविणारे हातही बाजारात आहेत. मीटर कमी दाखवीत असेल, पण पायाखालच्या खटक्याचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर रबर खरे बोलते असे समजावे.

तात्पर्य काय? कोणतीही मोजणारी डबी पुढे आली की तीन प्रश्न विचारावे. पहिला, ही कशाचे फेरे मोजते? मालाचे, श्रमाचे, की वेळाचे? दुसरा, एका आकड्यास किती फेरे? पाटीवर लिहिले आहे काय, आणि मधले चाक कोणी बदलले तर मला कळेल काय? तिसरा, हिची किल्ली कोणाजवळ? आकडा शून्यावर आणण्याचा अधिकार कोणास, आणि तो आणताना मी समोर असतो काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर ती डबी आपली साक्षीदार आहे. न मिळाली तर ती दुसऱ्याची चाकर आहे. मग तिला कितीही चकाकती काच असो.

महात्मा फुल्यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकरी कसा नाडला जातो हे उघडे केले. शेतकऱ्याच्या पोरास विद्या हवी हा त्यांचा आग्रह नोकरीपुरता नव्हता. सहीच्या जागी अंगठा उठविणाऱ्या माणसास कागद काय म्हणतो ते कळत नाही, म्हणून तो आग्रह होता. आज आपण सह्या करतो. परंतु आकड्यांच्या बाबतीत आपल्यापैकी पुष्कळजण अद्याप अंगठेबहाद्दरच आहेत. बिल येते, आपण भरतो. पगाराची चिठ्ठी येते, आपण घडी करून खिशात घालतो. आपल्याच तालुक्यात लोट्याच्या कारखान्यांत जाणारी मुले आहेत. कामाच्या पाळ्या, जादा तास, कापलेले पैसे हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. ते किती जण वाचतात, हे त्यांनी आपल्या मनाशी विचारावे.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. वर्गणी नको, ठराव नको. प्रत्येक घरात एक वही घालावी. तिच्यात महिन्याच्या एकाच तारखेस मीटरचा आकडा लिहावा, ट्रॅक्टर आला त्या दिवशी सुरू आणि बंद झाल्याची वेळ लिहावी, कामावर गेलेल्याचे तास लिहावे. वही घरातल्या मुलीच्या हाती द्यावी. तिचे गणित पक्के होईल आणि घरचा हिशोब बाहेर जाणार नाही. दर महिन्यास आईबापांनी तिच्या तोंडून ते आकडे ऐकावे, लाज वाटू देऊ नये.

माझ्या आत्याजवळ वही नव्हती, पेन्सिल नव्हती, अक्षर नव्हते. तिने सुतास गाठी मारल्या. आपणांजवळ सर्व आहे. आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी बॅटरी घ्या, मुलीस बरोबर घ्या आणि मीटरपुढे उभे राहून तिला पहिला आकडा मोठ्याने वाचावयास सांगा. त्या आकड्यास 'लाभ' म्हणा आणि वहीत उतरवा.